गंजलेला तवा भंगारात घालू नका



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी बिऱ्हाडे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तोवर घरी ठेवलेला बिडाचा तवा गंजून तांबडा होतो आणि भंगारवाल्याच्या काट्यावर जातो. तसे करू नका. चीर गेली नसेल तर तो नातवंडांपर्यंत चालेल.

विटेच्या भुकटीने व नारळाच्या काथ्याने गंज घासून काढा. धुऊन लगेच पुसा, चुलीवर कोरडा करा. कोमट असतानाच जवसाचे, नसल्यास करडईचे तेल दोन्ही बाजूंनी अगदी पातळ पुसा. ही तेले तापून घट्ट होतात व तव्याला धरतात. धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, निवू द्या. असे 3-4 वेळा करा. तेल जाड लागले तर तवा चिकटतो. तेलकट फडके साठवू नका, चुलीत टाका.

तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकते. चिंचेची आमटी बिडाच्या कढईत रात्रभर ठेवू नका, थर निघतो. आंबट कालवणात थोडे लोह उतरते हे खरे, पण अंगात रक्त कमी असलेल्या बाईने आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत.

यंदा फडावर निघण्यापूर्वी तव्यावर तेलाचा हात फिरवा आणि तो कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.