गुरुजींचा वेळ

यंदाचा अंक प्राथमिक शिक्षकांच्या कामावर आहे.

गुरुजी वेळेवर येतात का, मुख्यालयी राहतात का, बायोमेट्रिकवर अंगठा उमटला का, हे प्रश्न रास्तच आहेत. पगार घेऊन वर्गाकडे पाठ फिरवणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. मात्र अंगठ्यावरून शिक्षक शाळेत आल्याचे कळते, शिकवल्याचे नाही.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 24 शिक्षकाने नियमित आणि वेळेवर यावे असे सांगते. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस, 800 तास अध्यापन व्हावे, असेही हाच कायदा म्हणतो. आणि कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई करते. कलम 24 शिक्षकाला रोज ऐकवले जाते. कलम 27 मात्र कार्यालयांना आठवत नाही. निवडणुकीचे काम तर कायद्यातच बसते. द्विशिक्षकी शाळेत एक जण मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या (बीएलओच्या) कामाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. तेवढ्यात शिक्षकांच्या ग्रुपवर संदेश येतो, माहिती आजच भरा. पोषण आहाराची नोंद, यू-डायसवरची शाळेची माहिती, आणखी एखादी लिंक. पाठाचे टाचण काढून आलेला शिक्षकही मग मुलांना शुद्धलेखन लिहायला सांगून मोबाइल उघडतो. असे वर्षानुवर्षे चालले की ढिलाई अंगवळणी पडते.

महात्मा फुल्यांनी 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढच्या निवेदनात शिक्षकाला किमान 12 रुपये पगार आणि चांगल्या कामाबद्दल जादा भत्ता मागितला होता. गावचे हिशेब तपासण्यासारखी कामे दिल्यास त्याचा मान वाढेल, असेही सुचवले होते. आज वर्गाच्या वेळेत हुकमाने येणारी कामे त्याचा मान घटवतात. आणि पगाराचे म्हणाल, तर नवा शिक्षक शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे महिना 16,000 रुपयांवर काढतो.

शिस्तीला सर्वांत मोठा आधार चांगल्या मुख्याध्यापकाचा, असे आमचे ठाम मत आहे. तो स्वतः वेळेवर वर्गात उभा राहिला की इतरांना नोटीस लागत नाही. पण प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक कायद्याने मिळतो तो पट 150 च्या वर गेल्यावरच. लहान शाळेत वर्ग सांभाळणाराच प्रभारी मुख्याध्यापक असतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पालकहो, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीत हजेरीपत्रक जरूर मागा. सोबत, या वर्षी शिक्षकाला किती दिवस आणि कोणाच्या आदेशाने वर्गाबाहेर काढले, याचा हिशेबही लेखी मागा.