आधी रुग्णाची भाषा

सन १९८० मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. मूळच्या क्युबातील त्याच्या घरच्यांनी 'इंतॉक्सिकादो' असा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले. डॉक्टरांनी मात्र तो इंग्रजीतला 'इंटॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत असलेला, असा घेतला आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनावरचे उपचार सुरू केले. खरे कारण होते मेंदूतील रक्तस्राव. ते ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. घरच्यांचा अंदाजही चुकलाच होता. पण नशेचा शिक्का बसला नसता, तर कारणाचा शोध पुढे चालू राहिला असता, अशी शक्यता होती.

आज अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. त्यामुळे डॉक्टरकी सुरू करण्यापूर्वी बोलीभाषेतली स्पॅनिश सुधारून घेण्याची तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांची धडपड स्वागतार्ह आहे. शिकण्याची वेळही तीच. रेसिडेन्सी सुरू झाली की आठवड्याला ८० तासांपर्यंत काम असते. तेव्हा व्याकरणाचे पुस्तक उघडायला सवड कोठून मिळणार? रेसिडेन्सीसाठी अमेरिकेला जाणाऱ्या मराठी डॉक्टरांनाही हे लागू आहे. तेथे इंग्रजी पुरेल, हा समज पहिल्या रात्रपाळीतच गळून पडू शकतो.

प्रश्न आहे तो काय शिकायचे हा. अवयवांची नावे आणि 'कुठे दुखते?' यासारखी वाक्ये आठवडाभरात पाठ होतात. प्रश्न पाठ करता येतो, उत्तर नाही. पोर्तो रिकोकडची रुग्ण 'फातिगा' म्हणाली, तर तिला थकवा नव्हे, दम लागल्याचे सांगायचे असू शकते. मेक्सिकोकडची आई मुलाला 'एंपाचो' झाल्याचे सांगते, तेव्हा ते अजीर्ण समजून सोडून देणे धोक्याचे ठरते. कारण या तक्रारीवर घरोघरी दिल्या जाणाऱ्या काही पारंपरिक पुडींमध्ये शिसे आढळले आहे. 'घरी काय दिले?' हा पुढचा प्रश्न न अवघडता विचारता आला, तरच विषबाधा हाती लागते. तू आणि तुम्ही यांतला फरक स्पॅनिशमध्येही आहे. वयस्कर रुग्णाला 'तू' म्हणणारा डॉक्टर पहिल्याच वाक्यात विश्वास गमावू शकतो.

मात्र अर्धवट भाषा ही न येणाऱ्या भाषेपेक्षा घातक ठरू शकते. भाषा येतच नसेल, तर डॉक्टर दुभाष्याला बोलावतो. थोडी येत असेल, तर वेळ वाचवण्यासाठी स्वतःच निभावून नेतो आणि न कळलेल्या वाक्यावरही मान डोलावतो. दुभाषाही प्रशिक्षित हवा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बालरुग्णांच्या १३ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले गेले. तेव्हा भाषांतराच्या सरासरी ३१ चुका प्रत्येक भेटीत सापडल्या. नातेवाईक किंवा हाताशी असलेल्या कर्मचाऱ्याने केलेल्या चुका अधिक गंभीर होत्या. आणीबाणी वगळता लहान मुलांना दुभाषे म्हणून वापरू नये, असा नियम अमेरिकेत झाला तो उगाच नव्हे. म्हणूनच महाविद्यालयांनी नुसते वर्ग भरवून थांबू नये. विद्यार्थ्याची रीतसर बोली परीक्षा घ्यावी आणि ती उत्तीर्ण होईपर्यंत संमतिपत्र, निदान व औषधाची मात्रा यांसाठी दुभाषा बंधनकारक करावा.

हा धडा महाराष्ट्रालाही लागू पडतो. अखिल भारतीय कोट्यातून परराज्यांतील विद्यार्थी येथील सरकारी महाविद्यालयांत येतात. 'अंगावरून जातंय' असे बाई खालच्या आवाजात सांगते, तेव्हा त्याचा अर्थ कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया, तर नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्या रुग्णापुढे मराठी डॉक्टरही परभाषकच असतो. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला जागा आहे. पण रुग्णाशी खरी गाठ पडते ती पुढच्या वर्षांत आणि इंटर्नशिपमध्ये. भाषेचे शिक्षण तिथपर्यंत पोहोचायला हवे.

रक्ताची तपासणी चुकली, तर ती पुन्हा करता येते. रुग्णाचे पहिले वाक्य चुकीचे ऐकले, तर पुढच्या तपासण्याही चुकीच्या दिशेने जातात. रुग्णाची भाषा शिकणे हा डॉक्टरचा छंद नव्हे, त्याच्या कामाचाच भाग आहे. आणि आपल्याला ती कुठवर येते हे ओळखून थांबणे, हाही.