गोळीची म्हणे ‘सवय’ लागते!

आमच्या भागात आरोग्यावर व्याख्यानं देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा सिद्धान्त असा: थायरॉईडची गोळी एकदा लागली की सुटत नाही, शरीराला तिची सवय होते, ग्रंथी आळशी बनते, हाडं ठिसूळ होतात, तेव्हा गोळी फेका, धण्याचं पाणी प्या, सर्वांगासन करा. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्या कित्येकींच्या फ्रिजवर शंभर गोळ्यांची ती बुटकी बाटली असते.

धण्याच्या पाण्याने तहान भागते. आसन मान सांभाळून करावं. उरली ‘सवय’.

गोळीत असतं थायरॉक्सिन; गळ्यातली ग्रंथी बनवते तेच, फक्त कारखान्यात तयार केलेलं. ग्रंथी बिघडते ती बहुधा शरीराच्याच प्रतिकारशक्तीने तिच्यावर हल्ला केल्यामुळे. काहींची तर ऑपरेशनमध्ये काढूनच टाकलेली असते. जी गळ्यात उरलीच नाही, ती आळशी कशी होणार, हे व्याख्याते सांगत नाहीत. 1891 मध्ये न्यूकॅसलच्या एका डॉक्टराने 46 वर्षांच्या, सुजलेल्या, मंदावलेल्या बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. त्या अर्कावर ती पुढे 28 वर्षं जगली. त्यासाठी 870 मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. बिचारी सवयीची गुलाम! मेंढ्यांनी तक्रार केली असती तर मी समजू शकलो असतो. आणि रोज लागतं म्हणून वाईट ठरवायचं, तर आधी पोळी-भाजी सोडावी लागेल. शिवाय सगळ्यांनाच गोळी जन्मभर लागते असंही नाही. बाळंतपणानंतर बिघडलेली ग्रंथी अनेकींची पुन्हा ताळ्यावर येते आणि गोळी सुटते. म्हाताऱ्या माणसाच्या रक्तात टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावणारं हॉर्मोन, जरासं वाढलेलं दिसलं, तर पुष्कळदा ती सुरूच करावी लागत नाही.

हाडांचं म्हणाल, तर डोस जास्त होऊन टीएसएच फार खाली राहिलं, तर पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजतात, छाती धडधडते, झोप उडते. वजन उतरवायला गोळी खाणाऱ्यांचं हेच होतं. हा डोसाचा दोष.

ग्रंथीला आयोडीन लागतं, तरी याच गृहस्थांनी मागे आयोडीनयुक्त मिठावर तोफ डागून सैंधवाचा जयघोष केला होता. कांगडा खोऱ्यात 1956 पासून मिठातून आयोडीन देऊन पाहिलं, तेव्हा गलगंड कमी झाले, हे तेव्हाही त्यांना सांगून झालं होतं. ऐकतो कोण?

मग करायचं काय? फारसं काही नाही. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि गॅसवर चहा उकळत असला तरी अर्धा-पाऊण तास घड्याळाकडे बघत थांबायचं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. डोस बदलला की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासायचं. दिवस राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, कारण डोस बहुधा वाढवावा लागतो. पहिले काही आठवडे बाळाची ग्रंथी कामाला लागलेली नसते आणि ते आईच्याच हॉर्मोनवर वाढतं. व्याख्यान ऐकून गोळी फेकलेल्या बायकांत अशी एखादी असेल, तर तिला काय सांगायचं, तेवढं व्याख्यात्यांनी पुढच्या सभेत सांगावं.