मे महिन्यात गिटार बोटांना का टोचते?

पवनीत मे महिन्यात पारा 45 अंशांजवळ गेला की टाचांना भेगा पडतात, ओठ फुटतात आणि गिटारवरून हात फिरवला की बोट खरचटते. कारण एकच, कोरडी हवा. ओलावा गेला की लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. धातू तसा आकसत नाही. फिंगरबोर्ड केसभर अरुंद झाला की फ्रेटची टोके कडेने बाहेर येतात. (सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले, सरकवता तरी येतात; हे ठोकलेले.)

वाद्यच खराब निघाले असे समजून लगेच कानस लावणे ही घाई झाली. गिटार बंद पेटीत ठेवावी, सोबत भोके पाडलेल्या डबीत ओलसर स्पंज. तो लाकडाला लागू नये. आठवडा-दोन आठवड्यांत टोके बहुधा आत जातात. दरवर्षी हेच होत असेल तर कानस उन्हाळ्यातच लावावी. पावसाळ्यात घासून घेणे म्हणजे पैसे वाया.

सर्वांत वाईट म्हणजे कुलरसमोर भिंतीला टांगलेली गिटार. रात्रभर दमट वारा, दुपारी वीज गेली की भट्टी. ही रोजची ओढाताण लाकूड सोसत नाही.

मृगानंतर वैनगंगेकाठी उलटे घडते. पुढची पाटी फुगते, तारा उंच जातात, दाबायला जोर लागतो. मनगट दुखते आणि शिकणारे पोर गिटार सोडते. मानेचा बाक आतली सळी पाव फेरा फिरवून सुधारता येतो. फुगलेली पाटी मात्र हवा कोरडी होईपर्यंत उतरत नाही.