कोयत्याचा हंगाम आला, पोरांच्या दातांकडं बघायचं कुणी?

बीड : दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार तालुक्यांतल्या अनेक घरांना कुलपं लागतात. कोयत्याच्या जोड्या कोल्हापूर, सांगली, सोलापूरपासून पार कर्नाटकापर्यंत जातात. मार्च-एप्रिलपर्यंत घराची घडी मोडलेली राहते. त्यात पोरांच्या खाण्याची आणि दातांची आबाळ होते.

फडावर आई पहाटे अंधारातच निघते. पोरं उठतात तेव्हा तोंड धू म्हणणारं कोपीत कुणी नसतं. हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आणि दिवसभर चघळायला ऊस. गावात आजीजवळ राहिलेल्यांचंही तेच. आई-बाप जवळ नाहीत म्हणून आजी दुकानाला पैसे देते. कुठं कुठं तिची मशेरीच पोरांच्या बोटाला लागते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू; तिनं दात राखले जात नाहीत, व्यसन मात्र लागतं.

दात किडण्यात गोड किती खाल्लं याइतकंच किती वेळा खाल्लं, हे महत्त्वाचं असतं. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि दाताचं कवच झिजतं. दोन जेवणांमध्ये तोंडाला विसावा मिळाला तर लाळ ही झीज काही प्रमाणात भरून काढते. दिवसभर तोंड चालूच राहिलं तर ती संधीच मिळत नाही. मग दात दुखतो, भाकरी चावत नाही, पोरगं पुन्हा मऊ बिस्किटाकडं वळतं.

‘दुधाचे दात, पडायचेच आहेत’ हा समजही नडतो. साधारण सहाव्या वर्षी मागं येणारी दाढ कायमची असते. ती गेली की दुसरी येत नाही.

यावर मोठा खर्च लागत नाही. हंगामी वसतिगृहात आणि शाळेत जेवणाची वेळ ठरलेली असते. तिथंच ब्रशची वेळही ठरवता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत तपासणीला येतं, तेव्हा दात दाखवावेत. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, सकाळी आणि झोपताना पुरते.

बिऱ्हाड बांधताना तवा, परात, कोयता कुणी विसरत नाही. त्याच गाठोड्यात प्रत्येक पोराचा वेगळा ब्रशही जायला हवा.