म्हसोबाला अर्थ विचारता का?

तैयब मेहतांचं चित्र फोनवर दाखवलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "हे तर आमचं पोरगंपण काढेल." दुसरी किंमत कळल्यावर येते. त्यांचं १९९७ चं 'महिषासुर' २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १५ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं, असं सांगितलं की हसणं थांबतं आणि "मग काहीतरी गूढ अर्थ असणार" सुरू होतं. मला दोन्हींचा राग येतो. दोन्ही वेळा चित्राकडे कुणी बघतच नाही.

मी दौंड तालुक्यातल्या भांडगावचा. आमच्याकडच्या शिवारांतल्या म्हसोबाला ना हात, ना पाय. शेंदूर फासलेला दगड, फार तर दोन डोळे. "याचं नाक कुठंय?" असं कुणी विचारत नाही. आणि दा. ध. कोसंबींनी तर कधीच लिहून ठेवलंय की म्हसोबा म्हणजेच महिषासुर. मग दगडात चालणारा देव कॅनव्हासवर आला की आपण एकदम अडाणी कसे होतो? "आपल्याला बुवा मॉडर्न आर्ट कळत नाही" याला लोक नम्रपणा समजतात. मला तो आळस वाटतो.

जरा बघा. सपाट रंग, आणि त्यात देवी आणि रेडा एकमेकांत असे गुंतलेत की कुठला अवयव कुणाचा हे पटकन कळत नाही. मारणारी आणि मरणारा वेगळे काढता येत नाहीत. कॅलेंडरवरच्या देवीसारखी रेखीव शरीरं काढली असती, तर हे दिसलंच नसतं.

जाणकारही कमी नाहीत. १९४७ मध्ये मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून तैयबनी जमावाला एका माणसाचा जीव घेताना पाहिलं. तेवढं सांगायचं, "फाळणीचं प्रतीक" म्हणायचं, की फाईल बंद. प्रतीकच हवं असतं तर एक चित्र पुरलं असतं. हा माणूस पुढची कित्येक दशकं कोसळणारी शरीरं काढत राहिला.

आणि आपण? सोलापूर हायवेला अपघात झाला की आधी मोबाईल निघतात. मोडलेलं शरीर शूट होतं, फॉरवर्ड होतं, संध्याकाळपर्यंत विसरलंही जातं. त्या क्लिपचा अर्थ कुणी विचारत नाही, कारण त्यात हातपाय जागच्या जागी ओळखू येतात.

म्हणून पुढच्या वेळी असं चित्र समोर आलं तर अर्थ राहू द्या. या शरीराला काय झालंय, एवढं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत स्क्रोल करू नका.