माणसालाही आंबवणी लागते



मिरचीचे रोप वाफ्यातून काढून सरीत लावले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण आंबवणीचे पाणी देतो. ते चुकले तर चांगल्या जातीचे रोपही मान टाकते. शिक्षा भोगून गावात परतणाऱ्या माणसाचेही तसेच आहे. आज त्याच्याविषयी बोलू.

खेड्यातून तुरुंगात जाणारे सगळेच सराईत नसतात. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, वाटणीवरून शब्दाला शब्द वाढतो, हातात कुऱ्हाड येते आणि एका घडीत दोन घरे बसतात. पुढे शिक्षा संपते. मग राहायचे कुठे आणि कामाला कोण लावील, हे प्रश्न उभे राहतात.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने, तिथे बिनभिंतीचा तुरुंग उभा केला. ग. दि. माडगूळकरांची कथा असलेला 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच सुचला. त्या खुल्या वसाहतीत बंदी बायकामुलांसह राहून शेती कसतात. हातात घर आणि काम दिले की माणूस सावरतो, हे दुष्काळी माळावर दिसले. मग आपल्या गावात का दिसू नये?

आता करायचे काय?

पहिले छप्पर. सुटकेची तारीख कळताच घर शाकारून, भिंती लिंपून ठेवा. रेशनकार्डात नाव आहे का पाहा.

दुसरी जमीन. शिक्षा झाली एवढ्यानेच सातबाऱ्यावरचे नाव जात नाही. "तू इथे नव्हतास" म्हणून भावांनी वाटा दाबू नये. नव्या भांडणाचे बी तिथेच पडते.

तिसरे काम. मजुरी इतरांइतकीच द्या; गरजवंत म्हणून कमी नको. तुरुंगात सुतारकाम, विणकाम, शेतीकाम शिकवतात. काय येते ते त्याला विचारा.

चौथी गोष्ट अवघड आहे. ज्यांचा माणूस गेला, त्या घरावर माफीची जबरदस्ती करू नका. जाणत्यांनी आधी त्यांच्याकडे जाऊन बोलावे. घरे समोरासमोर असतील तर सुरुवातीला त्याची सोय मळ्यातल्या वस्तीवर करावी.

मदतीसाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटा. सुटकेचा कागद सोबत न्या.

आणि मायबहिणींनो, पाणवठ्यावर त्याच्या बायकोला जागा द्या. पोरांना कुणी "कैद्याची पोरं" म्हणत असेल तर तिथेच थांबवा. शिक्षा बापाला झाली होती, आणि तीही भोगून झाली.